कॉम्प्रेसर बंद पडला, की बंद केला गेला?

मोठ्या इमारतीत कधी ना कधी लिफ्टशेजारी ही नोटीस चिकटलेली दिसतेच : 'चिलरच्या कॉम्प्रेसरमध्ये बिघाड झाल्यामुळे वातानुकूलन बंद आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' दोन दिवसांनी नोटीस निघते, आठवड्याने पुन्हा चिकटते. मधल्या काळात कुणी गॅस भरून गेलेलं असतं, कुणी एखादं कार्ड बदललेलं असतं, आणि कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेलं असतं की कॉम्प्रेसरच गेला, नवा घ्यावा लागेल. त्या खर्चाच्या कागदावर ज्याला सही करायची असते, त्याला यातलं काही कळत नसतं आणि विचारायची लाज वाटत असते.

'बंद पडणं' आणि 'बंद करणं' हा मराठीतला फरक इथे फार कामाचा आहे. थांबलेल्या कॉम्प्रेसरकडे बघितल्यावर पहिला प्रश्न तोच असायला हवा. तो स्वतः मोडला, की त्याला कुणीतरी थांबवलं? बहुतेक वेळा त्याला थांबवलेलं असतं, आणि थांबवणाऱ्याकडे कारण असतं. ते कारण शोधायचं कसं, हे समजून घ्यायला अभियंता असण्याची गरज नाही.

चिलर नेमकं काय करतो

चिलर थंडी तयार करत नाही. पाण्यातली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, हमालीच म्हणा. इमारतीत फिरून आलेलं पाणी साधारण १२ अंश सेल्सिअसला चिलरमध्ये शिरतं, ७ अंशांना बाहेर पडतं आणि पुन्हा फिरायला निघतं. उष्णता वाहून नेणारा पदार्थ म्हणजे शीतक, ज्याला सगळे 'गॅस' म्हणतात. आपणही तेच म्हणू.

या गॅसची खुबी अशी की तो अगदी कमी तापमानाला उकळतो. मोठ्या चिलरमध्ये पुष्कळ वापरला गेलेला आर-१३४ए मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांनाच उकळतो. उकळायला उष्णता लागते, ती तो पाण्याकडून घेतो आणि पाणी गार होतं. हे घडतं इव्हॅपोरेटरमध्ये. झालेली वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. दाबलेली गरम वाफ कंडेन्सरमध्ये आपली उष्णता बाहेरच्या हवेला किंवा कूलिंग टॉवरच्या पाण्याला देते आणि पुन्हा द्रव होते. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद तोंडातून तिचा दाब उतरतो आणि ती परत इव्हॅपोरेटरमध्ये येते.

यातल्या दोन गोष्टी पुढे लागणार आहेत. एक, कॉम्प्रेसर वाफ दाबू शकतो, द्रव नाही. द्रव दबत नाही. मग जे मोडायचं ते कॉम्प्रेसरचंच मोडतं. दुसरी, इव्हॅपोरेटरमधला दाब किती राहील हे तिथे किती उष्णता पोचते यावरही ठरतं. उष्णता कमी पोचली की कमी उकळतं, वाफ कमी होते, कॉम्प्रेसर मात्र ओढतच राहतो, आणि दाब घसरतो. गॅसचा एक थेंबही कमी झालेला नसताना.

सह्यांची फाइल

कॉम्प्रेसर चालू होण्याआधी एक फाइल टेबलाटेबलावरून फिरते. पाणी फिरतंय का, याची सही फ्लो स्विच करतो. दाब फार वाढलेला नाही ना, हे एचपी (हाय प्रेशर) स्विच बघतो, आणि फार उतरलेला नाही ना, हे एलपी (लो प्रेशर) स्विच. तेलाचा दाब, मोटरच्या गुंडाळ्यांचं तापमान, तिन्ही फेज आहेत का आणि योग्य क्रमाने आहेत का, मोटर जास्त करंट तर ओढत नाही ना (हे बघणारा तो ओव्हरलोड रिले), पाणी गोठण्याच्या बेतात तर नाही ना : प्रत्येकाचं टेबल वेगळं. सगळ्यांच्या सह्या झाल्या की फाइल कंट्रोलरकडे. तो पाण्याचं तापमान बघतो आणि गरज असेल तरच हुकूम सोडतो. शेवटच्या टेबलावर बसलेला कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेच्या झटक्याने मिटणारा मोठा स्विच, तो हुकूम पाळतो. मग मोटरला वीज मिळते.

कुठल्याही एका टेबलावर फाइल अडली की कॉम्प्रेसर गप्प; यालाच 'ट्रिप' म्हणतात. आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळी अडवणूक सारखीच दिसते.

तंत्रज्ञाचं काम फाइल कुठल्या टेबलावर अडली हे शोधण्याचं आहे. जुन्या पद्धतीच्या पॅनेलमध्ये हे सगळे स्विच खरोखरच एकापाठोपाठ एक, एकाच तारेत असतात. मीटरचं एक टोक न्यूट्रलवर ठेवून दुसरं टोक एकेका स्विचच्या पुढे सरकवत न्यायचं. जिथे अलीकडे व्होल्टेज आहे आणि पलीकडे नाही, तिथे फाइल अडली. दहा मिनिटांचं काम आहे. नव्या पॅनेलांत प्रत्येक स्विचची तार कंट्रोलरला वेगवेगळी जाते आणि पडद्यावर अलार्मचं नाव येतं, त्यामुळे मीटर काढायचा कंटाळा केला जातो. पण पडदा फक्त 'सही मिळाली नाही' एवढं सांगतो. पाणी खरंच थांबलं होतं, की फ्लो स्विचची तार ढिली होती, हे पडद्याला कळत नाही.

एक सूचना. हे तपासणं प्रशिक्षित माणसाचंच काम. मुख्य स्विच पाडला तरी पॅनेलमधल्या काही तारांत दुसऱ्या वाटेने वीज आलेली असू शकते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

कधी कधी फाइल कुठल्याच टेबलावर अडलेली नसते, कंट्रोलरने हुकूमच सोडलेला नसतो. पाणी सेटपॉइंटला, म्हणजे ठरवून दिलेल्या तापमानाला, आधीच पोचलेलं असतं. किंवा इमारतीच्या संगणकाने चिलरला 'थांब' सांगितलेलं असतं, किंवा वेळापत्रकात आज सुट्टी भरलेली असते. याला बिघाड म्हणत नाहीत, पण यावरून बोलावणी जातात.

अजून एक वाट पाहणं असतं. कॉम्प्रेसर एकदा थांबला की लगेच पुन्हा सुरू होऊ नये म्हणून कंट्रोलरमध्ये टायमर असतो. छोट्या यंत्रात ३ ते ५ मिनिटं, मोठ्या यंत्रात २०-३० मिनिटंही. या काळात अधीर माणूस पॅनेल बंद करून परत चालू करतो. बऱ्याच पॅनेलांत त्यामुळे टायमर पहिल्यापासून मोजायला लागतो, आणि अधीर माणूस आणखी अधीर होतो.

'एलपी ट्रिप आली म्हणजे गॅस कमी झाला', खरंच?

चिलरच्या दुनियेतला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज कुठला, असं मला विचारलं तर मी हाच सांगेन. त्यासाठी एक प्रसंग कल्पनेत उभा करू.

पडद्यावर अलार्म आहे : लो प्रेशर. माणूस येतो, गेज लावतो, दाब कमी दिसतो, गॅस भरतो. दाब थोडा वर येतो, चिलर चालतो, माणूस जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लो प्रेशर. पुन्हा गॅस. तिसऱ्या खेपेला अलार्मचं नावच बदललेलं असतं : हाय प्रेशर. आता कंडेन्सर घासायचं ठरतं, आणि बाजूला कुणीतरी 'कॉम्प्रेसर थकला' असं म्हणायला सुरुवात करतो.

झालेलं असं होतं. बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर पाइपमधल्या आपल्या खोबणीतून निसटून बाहेर लोंबत होता. तो पाण्याचं नाही, मशीनरूमच्या हवेचं तापमान सांगत होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कंट्रोलर बिचारा समजत होता की पाणी अजून गरमच आहे, म्हणून त्याने कॉम्प्रेसरला पूर्ण जोर लावायला सांगितलं. पाणी ७ अंशांवरून ५, ४, ३ वर घसरलं. गार पाण्यातून मिळणारी उष्णता कमी, म्हणून दाब घसरला, आणि एलपी स्विचने सही नाकारली. अगदी बरोबर नाकारली. गॅस पूर्ण होता. वरून आणखी गॅस भरल्यावर कंडेन्सरमध्ये द्रव साठला, उष्णता सोडायला जागा कमी उरली, आणि दुसऱ्या टोकाचा दाब चढला.

या गोष्टीतला भीतीदायक भाग वेगळाच आहे. पाणी गोठू नये म्हणून असलेली राखण बऱ्याच यंत्रांत याच सेन्सरच्या आकड्यावर चालते. सेन्सर बाहेर लोंबत असेल तर ती राखणही आंधळी झालेली असते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. इव्हॅपोरेटरच्या नळ्या तेवढं सोसत नाहीत. त्या दिवशी नळ्या आणि गोठण यांच्यामध्ये उभा असलेला शेवटचा पहारेकरी म्हणजे तो 'त्रास देणारा' एलपी स्विच.

मग गॅस खरंच कमी आहे का, हे ओळखायचं कसं? त्यासाठी एकच तांत्रिक शब्द शिकावा लागतो : सुपरहीट. गॅस पूर्ण उकळून झाल्यावर ती वाफ आणखी किती अंश तापली, तो आकडा. चुलीवरचं भांडं आठवा. भांड्यात घोटभरच पाणी टाकलं तर ते चटकन आटतं आणि मग भांडं नुसतंच तापत राहतं. भांडं भरलेलं आहे पण आच मंद आहे, तर पाणी नीट उकळतही नाही. पहिल्या बाबतीत दाब कमी आणि सुपरहीट जास्त : म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये द्रव पुरेसा पोचत नाही. गॅस गळालेला असेल, फिल्टर तुंबलेला असेल, किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह उघडत नसेल. दुसऱ्या बाबतीत दाब कमी आणि सुपरहीटही कमी : गॅस पुरेसा आहे, उष्णताच पोचत नाही. पाणी कमी फिरतंय, नळ्यांवर साका बसलाय, किंवा वरच्या गोष्टीसारखं पाणी आधीच अति गार झालंय.

फक्त एक दाब बघून गॅस भरणारा माणूस भांड्यात न डोकावता पाणी ओततोय.

सेन्सरवर विश्वास किती ठेवायचा

तपासल्याशिवाय ठेवायचा नाही, आणि तपासणं सोपं आहे. चिलरमध्ये पुष्कळदा जे सेन्सर असतात त्यांचा विद्युतरोध तापमान वाढलं की कमी होतो. २५ अंशांना १० हजार ओहमचा प्रकार सर्रास आढळतो. बर्फ घातलेल्या पाण्यात, म्हणजे शून्य अंशांना, तोच प्रकारानुसार साधारण २७ ते ३३ हजार ओहम दाखवतो. पेलाभर बर्फाचं पाणी ही त्याची परीक्षा.

या स्वभावामुळे चुका ठरावीक दिशेलाच होतात. तार तुटली तर रोध अमर्याद होतो, आणि कंट्रोलरला वाटतं पाणी भयंकर गार आहे. जोड गंजला किंवा ढिला झाला तर थोडा रोध वाढतो. ७ अंशांच्या आसपास हजारभर ओहम वाढले तरी वाचन जवळपास एक अंशाने गार दिसतं. मग चिलर लवकर थांबतो आणि वरचे लोक घामाघूम. उलट, जोडात ओल शिरली तर रोध घटतो, पाणी गरम असल्याचा भास होतो आणि चिलर गरजेपेक्षा जास्त राबतो. पडद्यावर बाहेर पडणारं पाणी १४ अंश दिसतंय आणि पाइपला हात लावला तर गारठ्याने झिणझिण्या येताहेत, असं असेल तर कुणावर विश्वास ठेवायचा हे सांगायला नको.

फ्लो स्विचचंही असंच. पंप चालू आहे म्हणजे पाणी फिरतंय असं नाही. गाळणी तुंबलेली असते, व्हॉल्व्ह अर्धवट मिटलेला असतो, पाइपात हवा अडकलेली असते. चिलर तेवढीच उष्णता काढत असताना पाणी निम्म्याने घटलं, तर तापमानातला ५ अंशांचा फरक १० अंशांचा होतो. १२ अंशांना आलेलं पाणी २ अंशांना बाहेर पडू पाहतं. फ्लो स्विच सतत ट्रिप होतो म्हणून त्याचं पातं वाकवण्याआधी गाळणी उघडून बघावी.

मिनिटाला चालू, मिनिटाला बंद

आता असा बिघाड, ज्यात एकही भाग बिघडलेला नसतो.

समजा, १०० किलोवॅट उष्णता काढू शकणारा एक कॉम्प्रेसर आहे. इमारतीची आजची गरज फक्त ४० किलोवॅट आहे. सगळ्या पाइपांत मिळून ५०० लिटर पाणी आहे, आणि कंट्रोलरला सांगितलंय की पाणी २ अंशांनी वर गेलं की चालू कर, २ अंशांनी खाली आलं की बंद कर. एक लिटर पाणी एक अंशाने गार करायला सुमारे ४.१९ किलोजूल उष्णता काढावी लागते. म्हणजे ५०० लिटरसाठी २ अंशांचा हिशोब ४,१९० किलोजूल. कॉम्प्रेसर चालू असताना गरजेपेक्षा ६० किलोवॅट जास्त काढतोय, तेव्हा ७० सेकंदांत काम संपलं, बंद. मग इमारतीचे ४० किलोवॅट ते पाणी १०५ सेकंदांत परत तापवतात. चालू. पूर्ण फेरी १७५ सेकंदांची, तासाला वीस वेळा चालू-बंद.

हे मारक आहे. मोटर थेट सुरू होताना नेहमीच्या पाच ते आठ पट करंट ओढते आणि तापते. ती उष्णता जायला वेळ लागतो. शिवाय प्रत्येक वेळी सुरू होताना थोडं तेल गॅसबरोबर पाइपांत निघून जातं, आणि ते परत यायला कॉम्प्रेसर काही काळ सलग चालावा लागतो. सत्तर सेकंदांत ते परतत नाही. म्हणून उत्पादक तासाला किती वेळा चालू करावं याची मर्यादा घालतात, आणि ती पाळायलाच तो टायमर असतो. पण टायमरने रोखलं की पाणी तेवढ्या वेळात तापून वर जातं. लोक म्हणतात, चिलर चालूच होत नाही. आणि मग कुणीतरी टायमर कमी करून ठेवतो! यापेक्षा वाईट दुरुस्ती मला सुचत नाही.

आता त्याच यंत्रात पाणी ५०० ऐवजी २,००० लिटर करा. सगळे आकडे चौपट होतात. फेरी ७०० सेकंदांची, तासाला जेमतेम पाच वेळा. कंट्रोलरला हातही न लावता, फक्त एक टाकी जोडून. तिला बफर टाकी म्हणतात. टाकीला जागा नसेल तर चालू-बंदमधलं अंतर थोडं वाढवायचं, किंवा एका मोठ्या कॉम्प्रेसरऐवजी दोन-तीन लहान कॉम्प्रेसर पाळीपाळीने चालणारं यंत्र निवडायचं. हा विचार खरेदीच्या वेळीच व्हायला हवा. 'जरा मोठाच घेऊ, कमी पडायला नको' असं म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

'चालतो तर आहे, पण गारवा नाही'

मोठे कॉम्प्रेसर नुसते चालू-बंद होत नाहीत. कमी-जास्त जोराने चालतात. स्क्रू प्रकारात एक सरकती झडप असते. तेलाच्या दाबाने ती सरकते, आणि तेल कुठे जाऊ द्यायचं हे दोन छोटे विजेवरचे व्हॉल्व्ह ठरवतात : एक जोर वाढवणारा, एक घटवणारा. पिस्टनच्या कॉम्प्रेसरमध्ये काही सिलिंडर रिकामे फिरवले जातात. काही यंत्रांत मोटरचा वेगच बदलतात.

जोर वाढवणाऱ्या व्हॉल्व्हची कॉइल जळाली, किंवा तेलाची बारीक गाळणी तुंबली, तर कॉम्प्रेसर फिरतो पण जोर घेत नाही. ओळखायची खूण साधी आहे. कंट्रोलर किती जोर मागतोय आणि मोटर किती अँपिअर ओढतेय, हे दोन आकडे शेजारी ठेवा. मागणी पूर्ण आणि करंट तिथेच अडकलेला, तर हुकूम खाली पोचत नाहीये. मागणीच कमी असेल तर मात्र कॉम्प्रेसरकडे बघूच नका; कुणीतरी करंटची मर्यादा घालून ठेवली असेल, किंवा वर सांगितलेला सेन्सर खोटं बोलत असेल. उलटा बिघाडही असतो : झडप पूर्ण जोरावर अडकलेली. मग पुढच्या वेळी सुरू होतानाच मोटरवर सगळा भार येतो आणि ओव्हरलोड ट्रिप.

कधी कधी जोर सतत वर-खाली होत राहतो. अंघोळीच्या वेळी गरम-गार नळ जुळवताना आपण करतो तेच. नळ फिरवल्यावर पाणी बदलायला चार सेकंद लागतात, आपण दोनच सेकंद थांबतो, म्हणून एकदा भाजतं, एकदा गारठतं. कंट्रोलर घाई करत असेल तर त्याची घाई कमी करायची असते. भाग बदलायचे नसतात.

वीज : सगळ्यात कंटाळवाणी, म्हणून सुटून जाणारी

कॉन्टॅक्टर घरघरतो, थरथरतो, त्याचे पॉइंट जळतात. बदलला की महिन्याने तेच. कारण बहुधा त्याला मिळणारं व्होल्टेज कमी असतं : कंट्रोल ट्रान्सफॉर्मर अपुरा, जोड ढिला, किंवा मोटर सुरू होताना अख्ख्या पॅनेलचंच व्होल्टेज बसतं. हे मोजायचं कॉन्टॅक्टर ओढला जातानाच. निवांत वेळी मोजलं तर मीटर सगळं ठीक सांगतं.

तीन फेजमधला असमतोलही असाच लपून राहतो. समजा, मोजल्यावर ४००, ४१० आणि ३९६ व्होल्ट आले. सरासरी ४०२. सरासरीपासून सगळ्यात दूरचा आकडा ४१०, फरक ८, म्हणजे साधारण २ टक्के. दिसायला किरकोळ. पण व्होल्टेजमधल्या असमतोलाच्या सहा ते दहा पट असमतोल करंटमध्ये उतरतो, आणि त्यात एक गुंडाळी बाकीच्यांपेक्षा जास्त तापते. मोटर 'कारणाशिवाय' गरम होऊन ट्रिप होत असेल तर हा हिशोब कागदावर मांडावा.

फेजचा क्रम उलटला तर मोटर उलटी फिरते. स्क्रोल प्रकारचा कॉम्प्रेसर उलटा फिरला की मोठा आवाज करतो आणि दाब मात्र हलत नाही. विजेचं काही काम झाल्यानंतर नेमका असा 'बिघाड' आला तर आधी दोन तारा तपासा.

'मीटर ओपन दाखवतो, म्हणजे मोटर जळालीच ना?'

थांबा. लहान स्क्रोल कॉम्प्रेसरांत मोटरच्या आतच एक उष्णतेवर उघडणारा स्विच असतो. मोटर तापली की तो उघडतो, आणि बाहेरून मीटर लावला तर गुंडाळी तुटल्यासारखीच दिसते. जाड लोखंडी कवचातली मोटर निवायला तासभर, कधी त्याहून जास्त लागतो. मोटर गेल्याचा निकाल गरम कॉम्प्रेसरवर देऊ नये. निवल्यावर पुन्हा मोजावं. गुंडाळी आणि कवच यांच्यात गळती आहे का तेही बघावं.

आणि मोटर खरोखर जळालेली निघाली तरी प्रश्न संपत नाही. ती कशाने जळाली? असमतोल वीज, तासाला वीस वेळा चालू-बंद, परत न आलेलं तेल, द्रव गॅस आत येणं : यातलं जे कारण होतं ते यंत्रातच आहे, नव्या कॉम्प्रेसरची वाट बघत.

'रीसेट केलं की चालतो, मग झालं?' आणि 'स्विच तात्पुरता जोडून टाकला तर?'

काही ट्रिप आपोआप सुटतात, काहींना माणसाने येऊन बटण दाबावं लागतं. हा भेद मुद्दाम ठेवलेला आहे. एचपी आणि तेलाचा दाब यांची बटणं सहसा हातानेच दाबावी लागतात, कारण तिथे माणसाने येऊन कारण बघावं अशी अपेक्षा आहे. तेलाच्या दाबाचा स्विच बऱ्याच पिस्टन कॉम्प्रेसरांत दाब नसताना सुमारे २ मिनिटं वाट बघून ट्रिप होतो. म्हणजे कारण न शोधता दाबलेलं प्रत्येक रीसेट म्हणजे बेअरिंगना आणखी २ मिनिटं कोरडं फिरवणं. पाच वेळा दाबलं, दहा मिनिटं.

स्विच तारेने जोडून टाकणं, म्हणजे 'डायरेक्ट करणं', याचा मोह समजतो. वरून फोन येत असतात. शोध घेताना जाणकाराने समोर उभं राहून, गेजवर डोळा ठेवून, काही सेकंदांसाठी असं केलं तर ती तपासणी. पॅनेलचं दार लावून निघून जाणं ही वेगळी गोष्ट. एचपी स्विच डायरेक्ट केलेलं यंत्र म्हणजे जोड फुटण्याची वाट बघणारं दाबाचं भांडं, आणि त्याच्या शेजारून माणसं ये-जा करत असतात. असा जंपर मारलेला आढळला तर मी तरी बाकीचं सगळं सोडून आधी तो काढायला लावेन.

बंद काळातही एक गोष्ट चालू ठेवावी लागते, ती विसरली जाते. कॉम्प्रेसर थांबलेला असताना गॅस हळूहळू तेलात मुरतो. सुरू होताच दाब उतरतो आणि तेल हलवलेल्या सोड्याच्या बाटलीसारखं फेसाळतं. ते टाळायला खालच्या बाजूला एक हीटर असतो. 'चिलर बंदच आहे ना' म्हणून मुख्य वीज पाडली की हीटरही बंद. दीर्घ सुट्टीनंतर वीज दिल्यावर बहुतेक उत्पादक १२ ते २४ तास थांबायला सांगतात. तेलाच्या दाबाची ट्रिप सुट्टीनंतरच्या पहिल्याच सकाळी आली, तर हीटरकडे बघा.

तंत्रज्ञ येण्याआधी काय लिहून ठेवायचं

रीसेट दाबण्याआधी पडद्याचा फोटो काढा. आत येणारं आणि बाहेर पडणारं पाणी, दोन्ही दाब, तिन्ही फेजचे अँपिअर, अलार्मचं नेमकं नाव. रीसेटनंतर यातले बरेच आकडे बदलून जातात. किती वाजता थांबला, त्याआधी किती वेळ चालला होता, त्या वेळी बाहेर ऊन होतं की पाऊस, आदल्या दिवशी कुणी पंपाला, विजेला किंवा पाइपांना हात लावला होता का. शेवटचा प्रश्न विचारायचा राहूनच जातो, आणि कित्येकदा उत्तर तिथेच असतं.

नव्या पॅनेलांत अलार्मची यादी तारीख-वेळेसह साठवलेली असते. दर मंगळवारी दुपारी दोन वाजता एचपी ट्रिप येते, असं त्यातून दिसलं तर मंगळवारी दुपारी टॉवरवर कोण काय करतं हे जाऊन बघता येतं. फक्त एक अडचण. आतली छोटी बॅटरी संपलेली असल्यामुळे पॅनेलचं घड्याळ पुष्कळ ठिकाणी भलतंच वर्ष आणि मध्यरात्रीची वेळ दाखवत असतं. पुढच्या वेळी मशीनरूममध्ये गेलात तर आधी ते बघा.